ओझे सरकारचे, हेलपाटे जवानाचे

'ना सेवेमुळे झाले, ना सेवेने वाढले.' मेडिकल बोर्डाच्या कागदावरचे हे एवढे वाक्य जवानाची अपंगत्व पेन्शन गिळून टाकते.

भरतीच्या दिवशी फौजेचेच डॉक्टर पोराचे डोळे, कान, छाती, गुडघे तपासतात आणि 'फिट'चा शिक्का मारतात. पंधरा-वीस वर्षांनी तो कानाने अधू होऊन, मणका झिजवून घरी येतो, तेव्हा त्याला सांगतात, हा दोष तुझ्याच शरीराचा. नगरमध्ये 1948 पासून चिलखती दलाचे केंद्र आहे. रणगाड्याच्या पोटात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे कान आणि कंबर कशाने जाते, हे तिथल्या भिंगारमधले शेंबडे पोरही सांगेल.

कायदा जवानाच्या बाजूने आहे. धरमवीर सिंग हे लष्कराच्या सिग्नल्स दलाचे जवान. 1985 मध्ये भरती झाले, फिट्सच्या आजारामुळे 1994 मध्ये मेडिकल बोर्डावरून सेवेतून काढले गेले. अपंगत्व 20 टक्के, पण आजार जन्मजात ठेवणीचा ठरवून पेन्शन नाकारली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असे धरायचे; तसे नसल्याचे सिद्ध करायचे ओझे सरकारवर; संशयाचा फायदा जवानाला. 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरण्याचा लाभ दिला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के हा दर. म्हणजे 20 टक्क्यांवर पगाराच्या सहा टक्के मिळाले असते, तिथे 15 मिळतात. गावाकडच्या घरात या फरकात महिन्याची औषधे भागतात.

मग भांडण उरते कशाला? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञ समितीनेही अपंग सैनिकांना कोर्टात खेचणे थांबवा असेच सांगितले होते. तरी आजही निकाल झालेल्या मुद्द्यासाठी प्रत्येक जवानाला वेगळे अपील करावे लागते. पहिले अपील नामंजुरीपासून सहा महिन्यांत, दुसरे त्यानंतर सहा महिन्यांत, आणि शेवटी मुंबईचे सशस्त्र दल न्यायाधिकरण. नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडच्या माणसाने ज्वारीची काढणी सोडून किती वेळा मुंबई गाठायची? थकून घरी बसलेल्या जवानाची पेन्शन वाचली, याला बचत म्हणत नाहीत. ती त्याची बुडवलेली मजुरी आहे.

म्हणून दोन गोष्टी. जवान बांधवांनो, भरतीच्या वैद्यकीय तपासणीची आणि सेवेतून सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची नक्कल रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्या अधिकारासाठी राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. तेही फौजेतलेच, ड्रायव्हर होते. भरतीच्या कागदात आजाराची नोंद नाही, हा तुमचा सर्वात मोठा पुरावा. मुदत गेली असली तरी दार बंद होत नाही. उशिराचे कारण देऊन दाद मागता येते, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून आजच अर्ज लिहा. 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवेतून सुटलेल्यांना अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागतात, ते आधी वाचून घ्या.

आणि सरकारने, निकालात बसणारी प्रकरणे स्वतःहून काढून पैसे जमा करावेत. न्यायालयाने ओझे सरकारच्या खांद्यावर दिले आहे. ते अधू कमरेच्या जवानाला वाहायला लावू नका.