गुंडाळणारा हात

मासा गळाला लागल्यावर दोरा कोणत्या हाताने गुंडाळायचा, यावरून जगात शंभरावर वर्षं वाद चालू आहे आणि एरंडोलला त्याची खबरही नव्हती. नसायचीच. आमच्याकडे मासा धरायचा तो जाळ्याने. गळ टाकणारा कोणी असलाच, तर त्याच्याजवळ एक काठी, हातभर लांबवलेला दोरा आणि करवंटीत चार गांडुळं. काठीला चाक नाही, त्यामुळे चाकाचा वादही नाही.

तो वाद घरात आला पुतण्याच्या बॅगेतून. हा कोलोराडोत असतो. तिथल्या थंडगार ओढ्यांमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ट्राउट नावाचा मासा धरणं, त्याचा फोटो काढणं आणि त्याला परत पाण्यात सोडणं, हा त्याचा शनिवार-रविवारचा उद्योग. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही आता रिटायर झालात. रोज अंजनी धरणावर नुसते फिरून येता. त्यापेक्षा हे घेऊन जात जा." आणि त्याने आपली जुनी काठी आणि जुनं रीळ माझ्या हातात दिलं. मासा सोडून देण्याची कल्पना आमच्या घरात सगळ्यात जड गेली ती आईला. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "धरानं अन् सोडी देवानं? मंग धरानंच कसाले?" या प्रश्नाला कोलोराडोतही उत्तर असेल असं मला वाटत नाही.

हे फ्लाय फिशिंग म्हणजे मुळातच उलट्या डोक्याचा प्रकार आहे. आपल्या गळाला वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाच्या गोळीचं. ते भिरकावलं की दोरा मुकाट्याने मागे जातो. इथे आमिष म्हणजे गळाला बांधलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस. लांबून माशी दिसावी एवढाच त्याचा संसार, वजन जवळपास शून्य. ते फेकणार कसं? म्हणून वजन दोऱ्यालाच दिलेलं. सुतळीएवढा जाड, प्लास्टिकचा लेप दिलेला, साधारण २७ मीटर लांबीचा दोरा हवेत मागेपुढे झुलवायचा आणि त्याच्या जोरावर ती माशी पाण्यावर नेऊन ठेवायची. काठी एका हातात, दोरा दुसऱ्या हातात. मासा लहान असेल तर दोरा त्या दुसऱ्या हातानेच ओढून घेतात. रीळ बिचारं नुसतं कोठार म्हणून काठीला लटकलेलं असतं. म्हणजे ज्या वस्तूवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, तिला बहुतेक वेळ कामच नसतं. बैठकीतल्या झोपाळ्यासारखंच की हे. बसतं कोणी नाही, पण वाटणीच्या वेळी तोच सगळ्यांना हवा.

मासा मोठा निघाला, की मात्र रिळाची परीक्षा. या रिळात गिअर-बिअर काही नसतं. मूठ एकदा फिरवली की चाक एकदाच फिरतं. मासा पळाला, की चाक गरगरतं आणि चाकाला जोडलेली मूठही त्याच वेगाने गरगरते. बोट मध्ये आलं तर पेरं सडकून निघतं. आता बघा, बहुतेक माणसं उजवी. काठी उजव्या हाताने झुलवणार. मग गुंडाळायला मोकळा राहिला डावा. पण जुने इंग्रज म्हणत, छे! मासा लागला की काठी डाव्या हातात घ्या आणि उजव्या हाताने गुंडाळा. शंभर वार दोरा घेऊन पळणाऱ्या साल्मन माशाला आणायचं, तर झपाझप फिरणारा हात उजवाच हवा. दुसरा पक्ष म्हणतो, मासा लागल्याच्या ऐन क्षणी हातबदल कसला करता? उजव्याने काठी, डाव्याने मूठ, विषय संपला. माझं मत दुसऱ्या पक्षाला. ज्याला मासा लागल्या लागल्या काठी या हातातून त्या हातात घ्यायची आठवण राहते, त्याला मोठा मासा अजून लागायचा आहे.

या वादात हिंदुस्थानही फार लांब नव्हता. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' नावाचं जाडजूड पुस्तकच लिहिलं. साहेबलोक जीव टाकत तो मासा म्हणजे महसीर. त्यातली दख्खनी जात कर्नल साइक्सने १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून. आज त्या नदीचं पाणी पाहणाऱ्याला हे वाक्य विनोदी वाटेल. मी ते विनोदासाठी लिहिलेलं नाही. खानदेशाच्या वाट्याला मात्र गळवाले साहेब आल्याचं ऐकलं नाही. १८२५ मध्ये शेजारच्या धरणगावात भिल्ल पलटण उभारणारा आऊट्रम होता, पण तो वाघाच्या मागे. वाघाला गुंडाळावं लागत नाही.

तर पुतण्याचं रीळ. ते उजव्या हाताने गुंडाळायचं होतं, पण इंग्रजी परंपरेमुळे नव्हे. आमचा पुतण्या डावखुरा. तो काठी डाव्या हाताने झुलवतो, म्हणून मूठ उजवीकडे. मी ठार उजवा. म्हणजे रिळाची दिशा बदलणं आलं.

त्यावरून घरात आठवण निघाली ती त्याच्याच दिशाबदलाची. लहानपणी तो डाव्या हाताने जेवायला बसला, की आई त्याचा हात ताटातून उचलून मांडीवर ठेवायची आणि दुसरा हात ताटात ठेवायची. रागावणं नाही, मारणं नाही, पोळी वाढावी इतक्या सहजतेने. शाळेत हेच काम पट्टीने झालं. पहिलीत तो डाव्या हाताने 'ग' काढायचा, दुसरीत उजव्याने काढायला लागला आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मात्र बदल झाला तो ज्या खात्यांवर मोठ्यांची नजर होती त्यांच्यापुरताच. जेवण आणि लिहिणं उजवीकडे गेलं. दगड मारणं, गोलंदाजी, चिंचा पाडणं, लपूनछपून विडी ओढणं ही सगळी खाती डाव्याकडेच राहिली. पुढे सचिन तेंडुलकर टीव्हीवर दिसायला लागला. फलंदाजी उजव्या हाताने, सही डाव्या हाताने! पुतण्या ओरडला, "आजी, बघ!" आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "त्याच्या आजीचं लक्ष नसेल."

डाव्या-उजव्याबाबत आमच्या तालुक्याने एवढं कडक असण्याचं खरं तर कारण नाही. एरंडोलपासून दहाएक किलोमीटरवर पद्मालय आहे. कमळांचं तळं आणि तळ्याकाठी गणपतीचं देऊळ. गाभाऱ्यात गणपती दोन, आमोद आणि प्रमोद. एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. एरवी उजव्या सोंडेचा गणपती म्हटलं की सोवळं सांभाळता सांभाळता घरमालक अर्धा होतो आणि डाव्या सोंडेचा आपला घरगुती, चुकलंमाकलं पोटात घालणारा. इथे दोघे शेजारी बसलेत आणि त्यांचं छान चाललेलं दिसतं. त्यातल्या एकाची स्थापना कार्तवीर्याने केली अशी कथा आहे. हा राजा जन्मला तोच हातापायांवाचून. गणपतीची आराधना केली, तेव्हा त्याला एकदम हजार हात मिळाले. हजारांत पाचशे डावे! त्याच्या आजीने ताटाजवळ बसून काय केलं असेल, हे पुराणाने सांगितलेलं नाही.

पुतण्या म्हणाला, "रीळ बदलणं सोपं आहे, घरीच करू." पण घरातला स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूंपुढे फार दांडगा निघाला. मग मी त्याला बसस्टँडकडच्या आमच्या सायकलवाल्या आबांकडे नेलं. आबांनी रीळ उलटंसुलटं केलं, कानाशी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवलं. एका बाजूने ते गप्प फिरायचं, दुसऱ्या बाजूने अडून करकर वाजायचं. आबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद पसरला. "हाई ते फ्रीव्हील शे!"

आणि ते खरंच फ्रीव्हील होतं. सायकलच्या मागच्या चाकात काय असतं? पायडल मारलं की चाक पकडायचं, पाय थांबवले की मोकळं सोडायचं. पकडतं कोण, तर आतली दोन कुत्री; चाकाच्या दात्यांत एकाच बाजूने अडकणारी, दुसऱ्या बाजूने घसरत किरकिरणारी. जुन्या रिळांतही असंच एक तिकोनी कुत्रं आणि त्याच्या पाठीशी स्प्रिंग असते. दोरा गुंडाळताना चाक सैल फिरावं, मासा ओढत असताना मात्र अडत अडत फिरावं. नाही तर टोकाचा बारीक नायलॉन एका हिसक्यात तुटतो. कुत्र्याचं तोंड फिरवलं की रिळाची दिशा फिरली. इंग्लंडात ॲनिक नावाच्या गावी हार्डी बंधूंनी १८९१ पासून 'परफेक्ट' नावाचं रीळ विकायला सुरुवात केली, तेही छर्ऱ्यांवर फिरणारं होतं. हे पुतण्याने सांगितलं तेव्हा आबांनी मान डोलावली. चांगलं काम छर्ऱ्यांशिवाय होत नाही, यात त्यांना नवल वाटलं नाही.

त्यांनी परात पुढे ओढली. फ्रीव्हील उघडताना छर्रे आणि स्प्रिंगा उडतात, त्या परातीत पडाव्यात म्हणून ही सोय. पण पुतण्याच्या रिळात कुत्रं निघालंच नाही. चाक उपसल्यावर मधल्या दांड्यावर बांगडीएवढाही नव्हे, अंगठीएवढा एक पितळी रंगाचा डबा दिसला. आत बारीक सळ्या, प्रत्येक सळी एका उतरत्या खाचेत. एकीकडे फिरवलं की सळ्या खाचेच्या अरुंद बाजूला जाऊन पाचर मारतात, दुसरीकडे फिरवलं की रुंद बाजूला येऊन सुटतात. आबांनी लगेच नाव ठेवलं, "वन-वे." सेल्फ स्टार्टरच्या मोटरसायकलीत हाच असतो म्हणाले. त्यांनी तो डबा चिमटीने बाहेर काढला, खालचं वर केला, परत बसवला आणि चाक चढवून फिरवलं. आता उलट्या बाजूने गप्प, सुलट्या बाजूने करकर. एवढंच. चहा यायच्या आत काम झालं. पुतण्या पैसे विचारायला लागला, तर आबा म्हणाले, "कसाना पैसा? मी काय नवीन टाकं का येन्हामा?"

मला वाटलं, झालं. पुतण्या म्हणाला, आता दोरा.

दिशा बदलली ती फक्त चाकाची. दोरा अजून जुन्याच बाजूने गुंडाळलेला होता. तसाच ठेवला तर तो चौकटीच्या भलत्या अंगाने बाहेर येणार आणि ब्रेक नेमका गुंडाळताना लागणार. म्हणून तो सगळाच्या सगळा काढायचा. आधी टोकाचा नायलॉन, मग जाड दोरा, त्याखाली बॅकिंग म्हणतात तो बारीक दोरा, मासा फार लांब पळाला तर हाताशी असावा म्हणून गुंडाळलेला. पुतण्याने रीळ धरलं आणि मी टोक घेऊन गल्लीत चालायला लागलो. पिठाची गिरणी ओलांडली, दोरा येतच होता. कोपऱ्यावरच्या लिंबाला वळसा घातला, तरी येतच होता. वाटेत दोन मोटरसायकली थांबल्या, एका शेळीने चव घेतली, आणि हा काय नवीन केबलवाला आला का, असं कोणीतरी गच्चीवरून विचारलं. तळाचे वेढे निघाले ते सरळ झालेच नाहीत. वर्षानुवर्षं ज्या गोलाईत बसले होते, त्या गोलाईत ते जमिनीवर पडल्या पडल्या परत वळायचे. पुतण्या म्हणाला, हे असंच असतं. ताण देऊन गुंडाळा, थोडं थोडं सुटेल.

ताण द्यायला आईच्या हाती दोरा आला. ओट्यावर बसून, पदराच्या शेवात दोरा चिमटीत धरून तिने तो असा सोडला की एक वेढा सैल पडला नाही. गुंडाळत होता पुतण्या. रीळ आता माझ्यासाठी डाव्या हाताचं झालं होतं, त्यामुळे मूठ त्याच्या डाव्या हातात. आई बघत होती. डावा हात फिरत होता आणि ती एक शब्द बोलली नाही. नंतर मात्र जेवायला बसताना त्याने घास कोणत्या हाताने घेतला, इकडे तिचं लक्ष होतं.

पुतण्या परत गेला. मी धरणावर जातो, माशी झुलवतो, चिलापी क्वचित लागतात आणि त्यांच्या आकारापुढे रिळाला हात लावावा लागत नाही. आबांचं मात्र त्या दिवसापासून कामात लक्ष नाही. संक्रांतीच्या पतंगाची चक्री बघा म्हणाले. तिला ना कुत्रं, ना ब्रेक. उडवणारा मोठा भाऊ ढील द्यायला ओरडतो, चक्री धरणारा धाकटा भाऊ शिव्या खातो. त्यांनी भंगारातलं एक फ्रीव्हील चक्रीच्या दांड्यावर बसवलंही. दोरा भराभर जातो, उलटा ओढला की अडतो. बाजारातल्या नायलॉन मांजावर २०१७ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, तेव्हा चक्री सुती दोऱ्याचीच, असंही ठणकावून सांगतात. पहिली चक्री गल्लीतल्या दोन भावांना चालवायला दिली. संध्याकाळी धाकटा ती परत घेऊन आला. चक्री आता एका खिळ्याला अडकवता येते, मग माझं काम काय, असं त्याचं म्हणणं होतं. आबांनी ते ऐकून घेतलं आणि आतलं फ्रीव्हील परत काढून ठेवलं.