सीमेअलीकडचा स्थलांतरित

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास पती-पत्नीची जोडपी, ज्यांची गणना मुकादमाच्या वहीत दोन माणसे म्हणून नव्हे तर एक 'कोयता' म्हणून होते, ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेव्हा कायद्याचे लक्ष त्यांच्या बिऱ्हाडाकडे नसून राज्याच्या सीमेकडे असते. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने विस्थापन भत्ता, म्हणजे वेतनाव्यतिरिक्त द्यावयाची आणि परत न घ्यावयाची रक्कम, ठरवून दिली; ती मासिक वेतनाच्या निम्मी किंवा 75 रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती. हे जोडपे सीमेपलीकडे कर्नाटकातील बिदरच्या कारखान्यावर नेले गेले तर ते स्थलांतरित. त्याहून दुपटीने दूर असलेल्या कोल्हापूरला नेले गेले तर मात्र, पाचटाच्या कोपीत सहा महिने काढूनही, ते कायद्याच्या दृष्टीने बहुधा घरीच असते. 2020 च्या श्रमसंहितेने सीमेची अट कायम ठेवली आणि विस्थापन भत्ता तेवढा गाळून टाकला, हेही सुलभीकरणच म्हणायचे. भत्त्याऐवजी कोयत्याला मिळते ती उचल, म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम, जी एकेक टन ऊस तोडून फेडावी लागते. आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस बुडाला, तर 'खाडा' म्हणून दंडही त्याच हिशेबात चढतो. वेठबिगारीतील कर्ज 1976 च्या कायद्याने रद्द झालेले आहे; न फिटलेली उचल मात्र पुढच्या हंगामाच्या खात्यावर ओढली जाते.