मोकळा श्वास, फक्त २२,००० रुपये

सकाळी साडेआठ वाजता घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, मेट्रोतून उतरलेले आणि लोकल पकडायला धावणारे जिथे एकमेकांच्या खांद्यात घुसतात, तिथे उभं राहून कुणीतरी एक पूर्ण श्वास घेऊन दाखवावा. माणसांची ही तऱ्हा असलेल्या उपनगरात गाडीच्या इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून माझ्या भाच्याची झोप उडाली आहे. इंजिन माझ्या गाडीचं. त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही. म्हणून तर त्याला गाड्यांमधलं इतकं कळतं.

"मामा, कंपनी मुद्दाम इंजिनाचा गळा आवळून ठेवते," तो म्हणाला. "तो काळा डबा काढ, ओपन फिल्टर टाक. गाडी काय सुटेल बघ!"

सुटेल, पण जाईल कुठे? मुलुंडहून अंधेरीला कामावर जाणारा माणूस मी. जेव्हीएलआरवर माझ्या पुढे टँकर, मागे टँकर आणि उजवीकडे, जिथे टँकर मावत नाही तिथे, रिक्षा.

तरी एका रविवारी त्याने मला कुर्ल्याला सीएसटी रोडवर नेलंच. या रस्त्यावर गाडीचा कुठलाही भाग मिळतो; आपल्याच गाडीचा मिळाला तरी आश्चर्य वाटून घ्यायचं नसतं. दुकानदाराने लाल टोपीचा, चकचकीत नळीचा फिल्टर काउंटरवर ठेवला. "साब, पाच घोडा बढेगा." किंमत २२,०००. मी घासाघीस सुरू केली. किंमत जागची हलली नाही, घोडे मात्र पाचाचे तीन झाले.

या फिल्टरांचं कुळ मोठं आहे. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर करणारी के अँड एन कंपनी १९६९ साली कॅलिफोर्नियात निघाली. धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल लावून बसवायचा. तेल जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि इंजिनाचा हिशेब चुकतो. आमच्याकडे एलबीएस रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून ज्या वेगाने धूळ साचते, ते पाहता दर रविवारी गॅलरीत टॉवेलांच्या शेजारी फिल्टर वाळत घालावा लागला असता.

पण इंजिनाला हवा लागते, हे खरंच. एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळजवळ ११ किलो हवा लागते, म्हणजे नऊ हजार लिटर. पेट्रोल हे नुसतं तोंडी लावणं, इंजिन जेवतं ती हवाच. भाचा म्हणतो, हवा गार असेल तर आणखी उत्तम, म्हणून या प्रकाराला 'कोल्ड एअर इनटेक' म्हणतात. मुंबईत कोल्ड एअर दोनच ठिकाणी सापडते. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, आणि २५ डिसेंबर २०१७ पासून, म्हणजे बोरिवलीहून पहिली एसी लोकल सुटली तेव्हापासून, त्या लोकलमध्ये. दोन्ही माझ्या वाटेवर नाहीत. उलट उघडा फिल्टर बॉनेटच्या आत बसतो, आणि ट्रॅफिकमध्ये तिथली हवा पन्नास-साठ अंशांकडे जाते. हवा दर तीन अंशांमागे साधारण एक टक्का विरळ होते. कंपनीचा तो बदनाम काळा डबा बिचारा पुढच्या जाळीपासून बाहेरची हवा आणत असतो.

"मग नळी खाली, बंपरमागे सोडायची," भाच्याकडे उत्तर तयार होतं. खाली! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हा पोरगा पाळण्यात होता. अंधेरी सबवे तर आजही दर पावसाळ्यात पोहण्याच्या कामी येतो. नळीने पाणी ओढलं की पिस्टन ते दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. विमेवाला मग इंजिन प्रोटेक्शन घेतलं होतं का, एवढंच विचारतो.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे. एका नळीसाठी मला कोणी आत टाकेल असं नाही, पण हिशेब करून पाहिला. तीन घोड्यांना सहा महिने, म्हणजे घोड्यामागे दोन.

शेवटी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. हे मूळचे संगमेश्वरकडचे, त्यामुळे उत्साह कुणाचाही असो, त्यावर पाणी टाकण्यात तयार. त्यांनी फिल्टरकडे पाहिलंच नाही. फिल्टरच्या पुढची नळी काढून आतली गोल झडप दाखवली.

"हा बटरफ्लाय. पाय जेवढा दाबाल तेवढाच उघडतो. साहेब, तुम्ही चालवता कशी?"

"हळू."

"मग हा बंदच असतो की! हवा फिल्टर अडवत नाही. तुमचा पाय अडवतो."

म्हणजे हवेचा रस्ता रुंद करायला २२,००० रुपये द्यायचे आणि पुढे स्वतःच्याच पायाने दार लोटून ठेवायचं. शिवाय ते तीन घोडे, असलेच तर, ६,००० आरपीएमच्या आसपास चरत असतात. पवई तलावाच्या बाजूने जाताना माझा काटा २,००० च्या वर गेल्याचं मला स्मरत नाही.

"पण मामा, आवाज!" भाचा कळवळून म्हणाला, आणि सगळं प्रकरण एकदाचं उघडं पडलं. तो काळा डबा धूळ अडवतो तसा इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाजही दाबतो. डबा गेला की गाडी गुरगुरते. खरं सांगतो, सगळ्या युक्तिवादांत मला हाच मनापासून पटला. आवाजासाठी घरोघर फिरून वर्गणी काढणारी माणसं आहोत आपण. पण माझी गाडी ताशी १२ किलोमीटर वेगाने गुरगुरत गेली, तर शेजारचा रिक्षावाला तिला दवाखान्याचा पत्ता सांगेल.

मिस्त्रींनी साधा कागदी फिल्टर बदलला. साडेतीनशे रुपये. तेवढ्यात मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, इंजिनाच्या छातीचं झालं असेल तर माणसांच्याही छातीचं बघा. एसी लावला की मला शिंका येतात."

मिस्त्रींनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि मागून एक चौकोनी, काळीकुट्ट वस्तू ओढून काढली. तिच्यात पिंपळाचं एक अख्खं पान होतं.

"हा कसला फिल्टर?" भाच्याने विचारलं.

"एसीचा. आपण श्वास घेतो तो यातून."

भाच्याने तो उलटसुलट करून पाहिला. त्याचे डोळे चमकले. "मामी, याच्यात ओपन टाइप मिळतो?"

"मिळतो ना," ती म्हणाली. "काच खाली कर."