चारित्र्यवान लॅपटॉप पाहिजे

जुना लॅपटॉप घेताना लोक बॅटरी किती टिकते ते पाहतात, पडद्यावर डाग आहेत का ते पाहतात, बिजागऱ्या कुरकुरतात का ते पाहतात. मी चारित्र्य पाहायचं ठरवलं. बँकेच्या ऑडिट खात्यात जन्म गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नसावी. हयातभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर हिरव्या शाईच्या खुणा केल्या आणि ज्या कागदाच्या मागे दुसरा कागद नाही, त्यावर आक्षेप घेतला. मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा होता. नव्याची किंमत ऐकून मी खाली बसलो, तेव्हा जुना घ्यायचा हे घरात एकमतानं ठरलं. तो चोरीचा नसावा, ही अट माझी एकट्याची.

आधी कायदा वाचला. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, जो तो अप्रामाणिकपणे घेतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२४ च्या आधी हेच काम दंड संहितेचं कलम ४११ करत होतं. शिवाय १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याकडेच मालकी नसेल तर घेणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. तुम्ही पैसे रोख मोजा की चेकनं द्या, खरा मालक उभा राहिला की वस्तू त्याची. हे सगळं मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत असे. इंग्लंडात मात्र जुना रिवाज होता. ठरावीक उघड्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, चांगल्या मनानं विकत घेतलेली वस्तू पुढे चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहायची. तो रिवाज १९९४ च्या कायद्यानं मोडीत निघाला.

"म्हणजे आपण तीस वर्षं उशीर केला," आमटी वाढून घेत मुलगी म्हणाली.

मोबाइल घ्यायचा असता तर काम सोपं होतं. *#०६# दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय उतरवून घ्यायचा, केवायएम असं लिहून तो १४४२२ या नंबरावर पाठवायचा. हँडसेट काळ्या यादीत असेल तर सरकारच सांगतं. सिमकार्ड घालायचे थोडे सोडले तर लॅपटॉपला आयएमईआय नसतोच. त्याची कुंडली विकणाऱ्याच्या तोंडूनच काढावी लागते. हे काम माझ्या आवडीचं. मी फूलस्केप कागदावर प्रश्नावली तयार केली.

पहिली जाहिरात पाहिली ती बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीची. हा पहिला आक्षेप, असं मी समासात टिपलं आणि ठरल्या वेळी एका स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर हजर झालो. पोरगा विशीतला, नम्र. लॅपटॉप त्यानं शर्टाच्या आतून काढला. चार्जर नव्हता. ऑफिसच्या बॅगेतून उडवलेल्या लॅपटॉपचा चार्जर टेबलाखालीच राहणार, असा माझा तर्क होता. मी खूण केली. मशीन उलटं केलं, तर तळाचं लेबल खरवडलेलं आणि शेजारी गोंदाचा एक चौकोन. कंपन्या आपल्या सामानावर नंबराचा स्टिकर लावतात, त्याची ती जागा. दुसरी खूण. चालू केलं, तर एका कंपनीचं नाव आलं आणि खाली सूचना, की ऑफिसच्या ई-मेलनंच आत या.

"फॉरमॅट मारला की जातं ते, काका," पोरगा म्हणाला.

इथे मला राहवलं नाही. मी त्याला समजावून सांगितलं की ते तसं जात नसतं. कंपनीनं मशीनची नोंद आपल्या नावावर करून ठेवलेली असते. फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं, तरी सुरुवातीला इंटरनेट जोडलं की तेच पान पुन्हा दारात उभं राहतं. त्यानंतर मी कलम ३१७ कडे वळलो. पोरगा इतकं मन लावून ऐकत होता, की बँकेत मला असा एकही ज्युनिअर मिळाला नाही. 'वाटायला कारण असून' या शब्दांची फोड चालू असताना तो उठला. म्हणाला, "काका, चार्जर घेऊन येतो."

माझ्या बोलण्यानं त्याच्यात फरक पडला, या समाधानात मी एक कटिंग घेतला. मग आणखी एक घेतला. त्याचा फोन बंद लागायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोरीचा माल टाळायला घरून निघालेला मी, एक पैसाही न मोजता, तो मांडीवर घेऊन बसलो होतो.

तिथेच ठेवून निघावं म्हटलं, तर टपरीवाला ओरडला, "ओ काका, तुमचं सामान राहिलं!" चार लोकांनी वळून पाहिलं. आता पोलीस ठाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ठाणे अंमलदारांनी मला माझीच प्रश्नावली विचारली, तीही जवळपास माझ्याच क्रमानं. कागद माझ्या खिशात होता, त्यांनी पाहिलाही नव्हता.

"कुणाकडून घेतलात?"

"घेतला नाही. माझ्याकडे राहिला."

"त्याचं नाव?"

"बंटी म्हणाला."

"बिल?"

"नाही."

"चार्जर?"

"तो आणायलाच गेलाय."

"लेबल कुणी खरवडलं?"

"आधीपासूनच तसं होतं." हे उत्तर मी स्वतः कितीतरी रोखपालांच्या तोंडून ऐकलेलं आणि लाल शाईनं फेटाळलेलं होतं.

"बरं. चोरीचा असेल असं तुम्हाला केव्हा वाटलं?"

"पाहताक्षणी," मी अभिमानानं म्हणालो.

"मग तासभर धरून का बसलात?"

याला ऑडिटच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. मी घाईघाईनं कलम ३१७ पुढे केलं. अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, त्यात 'अप्रामाणिकपणे' असा शब्द आहे. तुम्हाला तेवढं जमेल असं मला वाटत नाही." निर्दोष सुटल्याचा इतका अपमान मला पूर्वी कधी झाला नव्हता. मग जबाब झाला, पंचनामा झाला. पंच म्हणून बोलावलेल्या टपरीवाल्यानं, काकांना या भागात पूर्वी कधी पाहिलेलं नाही, ही माहिती कुणी न विचारता दिली. लॅपटॉप मुद्देमालात गेला.

घरी बायकोनं विचारलं, "मिळाला का?"

"मिळाला होता."

"मग?"

"जमा केला."

त्यानंतर खरेदी मुलीनं हातात घेतली. ती मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेली. या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोडला उतरून ते नाव सांगितलं तर लोक आपल्यालाच पाहुणे समजतात. दुकानदारानं माझा फूलस्केप उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीनं बदलतात, जुनी लॉटमध्ये निघतात, कंपनीची नोंद काढून घेतलेली असली तरच तो लॉट उचलायचा. मशीन त्यानं आमच्यासमोर नेटला जोडून अगदी पहिल्या पानापासून चालू करून दाखवलं. कुणाच्याही ऑफिसचं नाव आलं नाही. तळाचं लेबल, बायोसमध्ये दिसणारा सिरीयल नंबर आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहिलेला नंबर, हे तिन्ही मी बोट ठेवून जुळवले. आक्षेपाला जागा नव्हती. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

"जुना काही असेल तर द्या, पैसे कमी करतो," दुकानदार म्हणाला.

माझा स्वतःचा जुना लॅपटॉप मी बरोबर आणलाच होता. त्यानं तो उलटा केला. वर्षानुवर्षं मांडीवर घासून लेबल पुसट झालं होतं. मुलीनं लहानपणी चिकटवलेलं कार्टून कधीतरी निघालं होतं, त्याच्या जागी गोंदाचा चौकोन होता.

"चार्जर?"

"घरी राहिला," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच बंटीसारखा वाटला.

"बिल तरी आहे ना?"

इथे मी सावरलो. बिल होतं! प्लास्टिकच्या पाकिटात, अनुक्रमांक घालून, फाइलमध्ये. मी ते ऐटीत काढून काउंटरवर ठेवलं. कागद कोरा होता. दुकानदारानं तो उजेडाकडे धरला, तिरपा केला, परत दिला. मॉलमधली ती बिलं शाईनं छापलेली नसतातच. कागदावर उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो, त्यावर अक्षरं उमटतात आणि काही वर्षांत विरून जातात. ज्या कागदाच्या मागे कागद नाही तो मानायचा नाही, हे मी लोकांना शिकवलं. ज्या कागदावर काहीच नाही त्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्ही सज्जन दिसता, काका," दुकानदार समजुतीनं म्हणाला, "पण दिसतात सगळेच. चोरीचा निघाला तर माझं दुकान जाईल." मुलगी पंख्यांच्या खोक्यांकडे पाहत उभी होती. तिचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर मी पक्का बंदोबस्त केला. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, मोबाइल, ज्यांची ज्यांची अक्षरं अजून शाबूत होती, ती सगळी बिलं गोळा केली आणि कायमची टिकावीत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात लॅमिनेशनला दिली. पोरानं ती गरम रोलरमधून काढली. उष्णतेनं काळा पडणारा कागद उष्णतेनं काळा पडला, कडेपासून कडेपर्यंत. आता आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचं बिल आहे, चकचकीत, पाण्यानं भिजत नाही, फाटत नाही. कुठलं कुणाचं ते तेवढं विचारू नये. घरात चोर शिरलाच, तर त्याला एकच सांगणं आहे: बाबा रे, ती फाइलही बरोबर घेऊन जा. विकायला गेलास की लोक बिल मागतात.