आठवं आश्चर्य

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या रसीन काउंटीत, माउंट प्लेझंट गावी २०१८मध्ये खुद्द ट्रम्पसाहेबांनी सोनेरी फावड्यानं माती उकरली. फॉक्सकॉन ही तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी म्हणे इथं कारखाना काढून १३,००० नोकऱ्या देणार. हे तर जगातलं आठवं आश्चर्य! शंका काढणारे अर्थातच विकासाचे वैरी. रस्ते रुंदावले, शेतं गेली, आणि नांदत्या घरांचा परिसर कागदोपत्री चक्क ‘बकाल’ ठरला. (भूसंपादनाला सोपं जातं.) २०२१च्या सुधारित करारात नोकऱ्यांचा आकडा १,४५४वर आला.

याच कंपनीनं २०१५मध्ये महाराष्ट्रालाही ५०,००० नोकऱ्यांचा शब्द दिला होता. आपण मात्र काटकसरी. सामंजस्य करारावर सही केली, फोटो काढले. एकही घर बकाल ठरवण्याची वेळच आली नाही.