पार्ट येत नाही

आमच्या मिक्सरचे दात पडले. होते सहा, त्यातले चार गेले. जार जिथे बसतो तिथे काळ्या रबराची चांदणी असते ना, ती. कपलर म्हणतात तिला. बटण फिरवलं की मोटर घरघरते, जारमधलं खोबरं ढिम्म, आणि लसणाच्या वासावर जळक्या रबराची फोडणी.

सेवाकेंद्रातल्या मुलाने ते कपलर उलट्या आट्यांचं असूनही झटक्यात काढलं, उजेडात धरलं आणि पायाजवळच्या डब्यात टाकलं. "पार्ट येत नाही काका. मॉडेल बंद झालं."

"मोटर?"

"मोटर ठणठणीत. तांब्याचं वाइंडिंग आहे, आता असं येत नाही."

म्हणजे जे चांगलं आहे तेही येत नाही आणि जे मोडलं तेही येत नाही. येतं काय, तर नवा मिक्सर. त्याचंच कपलर याला बसव म्हटलं, तर त्याला म्हणे पाच दात. पाच! हे कोणी ठरवलं असेल? कुठेतरी गार खोलीत, बिस्किटांच्या बशा फिरवत, चार शिकलेल्या माणसांनी एक दात उपटण्याचा ठराव मंजूर केला असणार. पाच दातांनी चटणी जास्त बारीक होते का? पण मग महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या मिक्सरच्या डोक्यावर टक्कल पडलं, हे त्यांना कोण सांगणार? बरं, हा पार्ट मुळात मोडायलाच जन्मलेला. पातं अडकलं तर मोटर जळू नये, आधी रबर तुटावं, ही त्यामागची अक्कल. फ्यूज बनवणं बंद करायचं आणि फ्यूज उडाला की "साहेब, नवा फ्लॅट घ्या" म्हणायचं, त्यातला हा प्रकार. वॉरंटीचा कागद काढून बघा. मोटरला पाच वर्षं, जी सहसा काही जात नाही. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांना वॉरंटी नाही, कारण जातात तेच!

माझं स्वतःचं मॉडेल 1958 चं. काढणारे दोघेही आता हयात नाहीत. तरी गेल्या वर्षी दाढ गेली तेव्हा दंतवैद्याने "पार्ट येत नाही, नवे काका घ्या" असं म्हटलं नाही. माप घेतलं, आठवड्यात दाढ बसवली, पैसे घेतले. एका माणसाची एक दाढ घडवता येते आणि लाखाने खपलेल्या मिक्सरचं रबर ओतता येत नाही? येत नाही म्हणू नका, ओतायचं नाही म्हणा. निदान खोटं तरी बोलू नका! वर एक्स्चेंजचा मलिदा आहेच: जुना द्या, चारशे सुटतील. तांब्याची मोटर चारशेत घेऊन वर उपकार.

बुधवारी बायकोला घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. एकाने गोणपाटावर कपलरांचा ढीगच ओतला होता. चार दातांची, सहा दातांची, पितळी बुशाची, लाल, काळी. माझा जीव भांड्यात पडला.

"बसेल यातलं एखादं," तो म्हणाला. "नमुना आणलाय का?"

नमुना त्या मुलाच्या डब्यात. मी खिसे चाचपत राहिलो. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आणलाय की."