कारण : पालकांच्या विनंतीवरून

शाळेत परत जायचं असेल तर आधी शाळा सोडल्याचं सिद्ध करावं लागतं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना हे गेल्या महिन्यात कळलं. वय ४३, शाळा आठवीत सुटली. आता बाहेरून दहावी करायची म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरायला गेल्या, तर खिडकीतून प्रश्न आला, ‘शाळा सोडल्याचा मूळ दाखला?’

बरोबरच आहे. बाई पोळ्या लाटते, नातू खेळवते, पण कागदोपत्री अजून आठवी ‘ब’मध्येच बसलेली असली तर? सरकारची केवढी फसवणूक!

दोनदा गावी खेटे घातले, प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हा दाखल्याची दुय्यम प्रत हाती आली. मी ती वाचली आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यापाशी अडकलो, तो अजून तिथंच आहे. लिहिलंय : ‘पालकांच्या विनंतीवरून’. मावशींच्या वडिलांनी जन्मात कुणाला विनंती केली असेल तर ती सावकाराला. पुढचे वर्ग शेजारच्या गावात, वाटेत ओढा, आणि घरी पाहुणे मुलगी बघून गेलेले. यातलं काही त्या रकान्यात मावत नाही, मान्य. रकाना दोन बोटांचा आहे. पण राज्यभरच्या कपाटांतले असे दाखले काढून वाचले, तर या भूमीतले आईबाप म्हणजे हात जोडून रांगेत उभी राहिलेली, मुलीची शाळा बंद करा म्हणून विनवणारी जमात होती असंच वाटेल. त्याच दाखल्यावर आणखी एक रकाना, ‘वर्तणूक : चांगली’. असणारच. तेरा वर्षांची पोर दप्तर ठेवून मुकाट बोहल्यावर चढली, यापेक्षा चांगली वर्तणूक कुठल्या शाळेला हवी असते?

तेव्हा शिक्षणहक्काचा कायदा नव्हता म्हणाल. आता आहे ना! २००९ चा. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आणि दहावीच्या सतरा नंबर फॉर्मला वयाची अट काय, तर चौदा पूर्ण. हक्क संपतो त्याच वाढदिवसाला फॉर्म सुरू होतो! मधे नववी-दहावी नावाचा ओढा आहे, तो ज्यानं त्यानं आपापल्या हिमतीवर ओलांडायचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत माध्यमिकपर्यंत शंभर टक्के पटनोंदणी लिहून ठेवली आहे. लिहायला काय जातं? शाईच ना. अहो, ज्या बाईला शिकायचंय ती समोर उभी आहे, स्वतःच्या पायांनी आलीय, आणि तुम्ही तिला ती गेली कधी ते विचारताय!

असो. दाखला घेऊन मावशी परवा पुन्हा खिडकीशी गेल्या. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. ‘विवाह नोंदणीचा दाखला आणा,’ खिडकी म्हणाली. लग्न झालं तेव्हा मावशी तेरा वर्षांच्या होत्या. असल्या लग्नाची नोंद कोण करतो?

विलंब शुल्कासह फॉर्म शुक्रवारपर्यंत घेतात.